झाकून का भाजायचे? रोडग्याच्या राखेपासून ओव्हनमधल्या फॉइलपर्यंत

जालना जिल्ह्यात रोडग्यांचा बेत ठरला की आधी गोवऱ्यांची जमवाजमव होते. जाडसर दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक मळायची, तेल लावून पदर घालत तिचे गोळे करायचे आणि गोवऱ्या जळून लाल आर झाला की ते त्यात सोडायचे. सगळ्या अंगाने चटका बसला की गरम राखेखाली झाकून ठेवायचे आणि आतला गाभा शिजेपर्यंत वाट पाहायची. मग राख झटकायची, फडक्याने पुसायचे, रोडगा फोडून त्यावर तूप सोडायचे. सोबत वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा अशा तालुक्यांत गावागणिक पद्धत थोडी बदलते, पण झाकून ठेवण्याची पायरी कोणी गाळत नाही.

आता इथल्या अनेक घरांत ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आला आहे. बेक केलेल्या भाज्या, मॅकरोनी, भरली सिमला मिरची, मसाला लावलेले चिकन घरी होऊ लागले आहे. कृतीत एक ओळ हमखास असते: भांड्यावर ॲल्युमिनियम फॉइल लावून अर्धा तास भाजा, नंतर फॉइल काढून दहा मिनिटे ठेवा. फॉइल का लावायची आणि नेमकी केव्हा काढायची, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. मग कोणी ती पायरी गाळतो आणि वरून करपलेली, आतून कच्ची भाजी पानात पडते. कोणी फॉइल काढायलाच विसरतो आणि पदार्थ शिजतो, पण पांढुरका, ओलसर राहतो.

फॉइल उष्णता कोंडून ठेवण्यासाठी लावतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. झाकणाचा खरा संबंध पाण्याशी आहे. पदार्थातले पाणी केव्हा आणि किती बाहेर पडू द्यायचे, ते झाकण ठरवते. एवढे लक्षात आले की कृतीत लिहिलेले असो वा नसो, काय झाकायचे आणि केव्हा उघडायचे ते आपले आपल्याला ठरवता येते.

धग कोणत्या वाटेने येते

ओव्हनमध्ये पदार्थापर्यंत उष्णता तीन वाटांनी पोहोचते. पहिली वाट भांड्याची. तापलेल्या जाळीवरून आणि ट्रेमधून उष्णता भांड्याच्या बुडाला आणि तिथून पदार्थाला मिळते. दुसरी वाट हवेची. गरम हवा आत फिरते आणि पदार्थाला स्पर्श करून त्याला तापवते. पंखा असेल तर हे काम जलद होते. तिसरी वाट थेट धगीची. लाल झालेल्या कॉइलमधून आणि तापलेल्या भिंतींमधून निघणारी उष्णता मधली हवा ओलांडून सरळ पदार्थाच्या अंगावर येते. चुलीसमोर बसल्यावर चेहऱ्याला लागते तीच ही धग.

घरगुती ओटीजी लहान असतो. त्यात वरची कॉइल आणि पदार्थ यांत बऱ्याचदा काही बोटांचेच अंतर उरते. त्यामुळे तिसऱ्या वाटेने येणारी धग फार तीव्र असते आणि ती मुख्यतः पदार्थाच्या माथ्यावर पडते. वरचे चीज, साय किंवा मसाला पंधरा मिनिटांत काळपट होतो, तर भांड्याच्या मध्यभागी असलेला बटाटा अजून कोमटच असतो. मोठ्या भट्टीसाठी लिहिलेली कृती ओटीजीमध्ये जशीच्या तशी वापरली की हा घोटाळा जास्त होतो.

पाणी उडते तेव्हा गारवा येतो

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात माठातले पाणी गार का राहते, हे आपल्याला ठाऊक आहे. माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना माठाची उष्णता सोबत नेते. ओव्हनमध्ये उघड्या ठेवलेल्या ओल्या पदार्थाचेही हेच होते. बाहेर १८० अंश सेल्सिअसची कोरडी हवा असली, तरी पदार्थाच्या पृष्ठभागावरचे पाणी सतत उडत असते आणि ते उडताना पदार्थालाच थंड करत असते.

हा गारवा थोडाथोडका नसतो. पाण्याच्या उकळबिंदूला पोहोचलेल्या १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. भाजीच्या एका भांड्यातून भाजताना २०० ग्रॅम पाणी उडाले, तर सुमारे ४५० किलोज्यूल उष्णता नुसती वाफ करण्यात खर्च झाली. १,२०० वॉटचा ओटीजी सलग सहा मिनिटांहून अधिक काळ चालला तर एवढी उष्णता निर्माण होते. ती भाजी शिजवायला उपयोगी पडली नाही. वाफेबरोबर निघून गेली.

अमेरिकेत टेक्सासकडे गोमांसाचा मोठा तुकडा बारा-बारा तास मंद धुरावर भाजतात. तिथल्या लोकांना एक अनुभव नेहमी येतो. मांसाचे तापमान ६५ ते ७५ अंशांच्या आसपास चढते आणि मग कित्येक तास हलतच नाही. जेवढी उष्णता आत येते तेवढीच बाष्पीभवनात जाते, म्हणून काटा अडकतो. त्यावर त्यांचा उपाय साधा आहे: तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचा. पाणी उडणे थांबते आणि तापमान पुन्हा चढू लागते.

म्हणजे झाकल्यामुळे पदार्थ हळू शिजतो, असे सरसकट म्हणता येत नाही. ओला पदार्थ घट्ट झाकला तर बहुतेक वेळा आतून लवकर शिजतो. झाकणाखाली वाफ भरते, ती थंड पदार्थावर जमून पुन्हा पाणी होते आणि उडताना नेलेली सगळी उष्णता परत देऊन टाकते. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. घट्ट लावलेल्या फॉइलखालचे ओले जग याच तापमानाला येऊन स्थिर होते, बाहेर काटा १८० वर असो की २०० वर.

फॉइल करते ती दोन कामे

पहिले काम ओल राखण्याचे. त्यासाठी फॉइल भांड्याच्या काठाला सगळीकडून दाबून, दुमडून घट्ट बसवावी लागते. एका बाजूला बोटभर फट राहिली तरी वाफ तिथून निसटते आणि झाकण्याचा अर्धा फायदा जातो. भाताचे प्रकार, बटाट्याचे काप, गाजर-फ्लॉवरसारख्या कडक भाज्या, हाडासकट मांस यांना ही घट्ट फॉइल लागते. गव्हातील पिष्ट ६० ते ७० अंशांच्या दरम्यान फुलू लागते, पण फुलायला त्याला पाणी हवे असते. तांदळाचे आणि बटाट्याचे पिष्टही असेच पाणी मागते. मांसातील चिवट धागे मऊ व्हायलाही ओल आणि वेळ दोन्ही लागतात. पाणी आधीच उडून गेले, तर कितीही भाजले तरी दाणा कडकच राहतो.

दुसरे काम वरची धग अडवण्याचे. ॲल्युमिनियमची चकचकीत पातळ पत्री तिच्यावर पडणाऱ्या धगीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते. यासाठी ती घट्ट बसवायची गरज नसते. मध्यभागी उंच ठेवून तंबूसारखी सैल टेकवली तरी चालते. वाफ बाजूने जात राहते आणि माथा करपत नाही. केक आतून ओला आहे पण वरून तपकिरी होत चालला आहे, अशा वेळी शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी हीच सैल फॉइल कामी येते.

घट्ट आणि सैल हा फरक फार महत्त्वाचा आहे. कृतीत नुसते ‘फॉइलने झाका’ लिहिलेले असेल, तर आपण स्वतःला विचारावे: इथे ओल राखायची आहे, की फक्त माथा वाचवायचा आहे?

आपली जुनी झाकणे

हीच दोन कामे आपल्याकडे फॉइल येण्याच्या कितीतरी आधीपासून होत आहेत, आणि प्रत्येक झाकण थोडे वेगळे काम करते.

रोडग्यावरची राख धग अडवते. आराची तीव्र उष्णता थेट कणकेवर आली तर बाहेर कोळसा होईल आणि आत पीठ राहील. राख उष्णता फार सावकाश पुढे देते, त्यामुळे ती सगळ्या बाजूंनी सारखी पोहोचते. पण राख हवाबंद नसते. वाफ तिच्यातून झिरपून जाते. म्हणून रोडग्याचे बाहेरचे कवच कडक, खरपूस होते. आतली ओल मात्र आधी बसलेल्या चटक्याने तयार झालेल्या कवचामुळे बरीचशी आतच राहते आणि गाभा शिजवते. रोडगा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवला तर तो शिजेल, पण त्याला ते कवच येणार नाही. घरी ओटीजीमध्ये रोडगे करायचे असतील तर ते उघडेच ठेवावेत, मध्यम आचेवर वेळ द्यावा आणि अधूनमधून फिरवावेत.

हुरड्याचे झाकण निसर्गानेच दिलेले असते. आगटीत गरम राखेत खुपसलेल्या ज्वारीच्या कणसात प्रत्येक दाणा आपल्या बोंडात असतो. कोवळ्या दाण्यातले पाणी त्या आवरणात तापते आणि दाणा स्वतःच्याच वाफेवर शिजतो. भरताच्या वांग्याची सालही हेच करते. बाहेर साल जळून काळी होते, आत गर उकडतो. म्हणून तर वांगे भाजण्याआधी त्याला टोचे मारतात, नाहीतर कोंडलेली वाफ ते फोडते. भाजल्यावर वांगे काही वेळ झाकून ठेवले की उरलेली वाफ साल आणि गर यांच्यामध्ये शिरते आणि साल सहज सुटते.

कोकणात पानगीला खाली-वर केळीचे किंवा हळदीचे पान लागते. पानात स्वतःचे पाणी असते. ते संपेपर्यंत पानाखालचे पीठ करपत नाही. बिर्याणीला दम देताना झाकणाच्या कडेला कणकेची वात लावून भांडे बंद करतात. फॉइल काठाला दुमडून बसवण्यामागचा हेतू आणि कणकेच्या या वातीमागचा हेतू अगदी एकच आहे.

आणि रोजच्या स्वयंपाकातले सर्वांत हुशार झाकण म्हणजे कढईवरचे पाण्याचे ताट. भेंडी, गवार किंवा वांग्याची भाजी कमी पाण्यात शिजवायची असेल तेव्हा कढईवर ताट ठेवून त्यात पाणी ओततात. वरच्या पाण्यामुळे ताट फार तापत नाही. भाजीची वाफ त्याच्या तळाला लागून थंड होते, थेंब बनते आणि पुन्हा भाजीत पडते. भाजी स्वतःच्याच पाण्यावर शिजते, बुडाला लागत नाही. वर आणखी पाणी लागलेच तर ताटातले गरम पाणी हाताशी असते. ओव्हनमधली फॉइल मात्र स्वतःच तापलेली असते, त्यामुळे तिच्याखाली वाफ कोंडली तरी थेंब तुलनेने कमी पडतात. म्हणून ओव्हनमध्ये कोरड्या भाज्या झाकून शिजवताना भांड्यात आधी दोन-तीन चमचे पाणी शिंपडणे फायद्याचे असते.

याच्या नेमकी उलट युक्तीही आपल्याकडे होती. कोळशाच्या शेगडीवर नानकटाई करायची तर पातेल्यावर झाकण ठेवून त्या झाकणावर निखारे रचायचे. तिथे झाकण धग अडवण्यासाठी नव्हते; वरून धग देण्यासाठी होते. कुकरमध्ये केलेल्या केकला माथ्यावर रंग का येत नाही, याचे उत्तर यात मिळते. कुकरला उष्णता फक्त खालून मिळते. शिटी काढून ठेवतात ती वाफ निघून जावी आणि दाब तयार होऊ नये म्हणून, पण वरून धग देणारे काहीच नसते.

आधी झाकायचे, मग उघडायचे

भाजलेल्या पदार्थाचा खमंग वास आणि तपकिरी रंग मुख्यतः एका प्रक्रियेतून येतो. प्रथिनांचे घटक आणि साखरेचे काही प्रकार उष्णतेने एकमेकांशी जोडले जातात आणि त्यातून शेकडो वासाचे पदार्थ तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या प्रक्रियेचे वर्णन केले. तिला त्यांचेच नाव मिळाले. ही प्रक्रिया जोमाने चालायला पृष्ठभागाचे तापमान साधारण १४० अंशांच्या पुढे जावे लागते.

इथेच पाण्याची अडचण होते. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो उकळबिंदूच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून फॉइलखाली पदार्थ शिजतो, पण खरपूस होत नाही. उकडलेली अंडी आणि भाजलेली अंडी यांच्या चवीत जो फरक असतो तोच इथे असतो.

यातून कृतीतल्या दोन पायऱ्यांचा अर्थ लागतो. पहिल्या टप्प्यात पाणी आत ठेवून गाभा शिजवायचा. दुसऱ्या टप्प्यात झाकण काढून वरचे पाणी उडू द्यायचे आणि माथा खरपूस करायचा. दोन्ही टप्प्यांचा क्रम उलटा केला, तर खरपूस झालेला माथा झाकणाखालच्या वाफेने पुन्हा मऊ पडतो.

फॉइल काढायची वेळ घड्याळापेक्षा पदार्थाला विचारून ठरवावी. सुरी किंवा काडी मध्यभागी घालून पाहावी. बटाटा, गाजर, वांगे सहज टोचले जात असेल तर गाभा शिजला. आता उघडायला हरकत नाही. भात असेल तर मधला एक दाणा दाबून पाहावा. फॉइल काढताना पलीकडची बाजू आधी उचलावी, म्हणजे कोंडलेली वाफ हातावर आणि चेहऱ्यावर येत नाही.

कशाला झाकावे, कशाला नाही

भरली वांगी किंवा भरली सिमला मिरची: १९० अंशांवर सुमारे अर्धा तास घट्ट झाकून, नंतर दहा मिनिटे उघडी. वांग्याचे पाणी आणि दाण्याच्या कुटाचे तेल यांत मसाला मुरतो. उघडल्यावर रस आटतो.

पांढऱ्या सॉसमधल्या भाज्या, मॅकरोनी: भाज्या आधी वाफवलेल्या असतील तर वीस मिनिटे झाकून, दहा मिनिटे उघडी. चीज फॉइलला चिकटू नये म्हणून मध्ये थोडी जागा ठेवावी, किंवा चीज फॉइल काढल्यावरच घालावे.

चिकन: हाडासकट तुकडे आधी झाकून, मग उघडे. टिक्क्यासारखे लहान, बिनहाडाचे तुकडे मात्र सुरुवातीपासून उघडेच आणि कडक आचेवर, कारण ते आत शिजायला वेळ लागत नाही आणि त्यांना चटकाच हवा असतो.

केक: सुरुवातीला झाकू नये. फुगणारा केक फॉइलला लागतो आणि अडकलेली वाफ माथा चिकट करते. माथ्याला हवा तेवढा रंग आला आणि मध्य अजून कच्चा असेल, तर सैल फॉइल टेकवावी.

नानकटाई, बिस्किटे, खारी: कधीच झाकू नयेत. त्यांच्यातले पाणी बाहेर जाणे हीच त्यांची कृती आहे. नानकटाईला वर भेगा पडायला आणि तोंडात विरघळायला कोरडी धग लागते.

पाव: याची गोष्ट वेगळी आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटे वाफ मिळाली तर वरचा भाग ताणला जाण्याइतका मऊ राहतो आणि पाव मोकळेपणी फुगतो. नंतर कोरडी हवा मिळाली की कवच धरते. झाकणाच्या जाड भांड्यात पाव भाजण्याची पद्धत यामुळेच यशस्वी होते: आधी झाकण ठेवून, मग काढून.

भाकरी आणि पोळी डब्यात बांधताना हाच विचार करावा. गरम पोळी थेट फॉइलमध्ये घट्ट गुंडाळली तर तिची वाफ आत पाणी होऊन तिलाच भिजवते. सुती फडके जास्तीची वाफ शोषून घेते. आधी फडके, मग डबा, हा जुना क्रम म्हणूनच बरोबर आहे.

चकचकीत बाजू आत की बाहेर?

फॉइलची एक बाजू आरशासारखी आणि दुसरी मंद का असते, हे जालनेकरांना लवकर समजेल, कारण या शहराची ओळखच रोलिंग मिलची आहे. औद्योगिक वसाहतीत तापून लाल झालेली पोलादाची कांडी एकामागून एक रोलरमधून जात बारीक होते आणि तिची सळई बनते. ॲल्युमिनियमची पत्रीही रोलरमधून दाबत दाबतच पातळ करतात, फक्त शेवटचे टप्पे थंड लाटणीचे असतात. घरगुती फॉइलची जाडी साधारण १० ते १८ मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी कमी. एवढी पातळ पत्री एकेरी लाटली तर फाटते. म्हणून शेवटच्या फेरीत दोन पत्र्या एकावर एक ठेवून लाटतात. रोलरला लागलेली बाजू गुळगुळीत, चकचकीत होते. दोन पत्र्यांच्या मधली बाजू मंद राहते.

स्वयंपाकात या फरकाला महत्त्व नाही. दोन्ही बाजू धग जवळजवळ सारखीच परत फेकतात. न चिकटणारा लेप असलेली फॉइल तेवढी अपवाद आहे. तिच्या वेष्टनावर कोणती बाजू पदार्थाकडे ठेवायची ते लिहिलेले असते.

ही पत्री तशी जुनी नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९१० मध्ये रॉबर्ट व्हिक्टर नेहेर यांनी क्रॉइत्सलिंगेन येथे ॲल्युमिनियमची पत्री सलग लाटण्याचा कारखाना सुरू केला आणि लवकरच चॉकलेटच्या वड्या तिच्यात गुंडाळल्या जाऊ लागल्या. त्याआधी हे काम कथिलाची पत्री करत असे.

आंबट आणि खारट पदार्थ

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच धातूला वाचवतो. चिंच, टोमॅटो, लिंबू, दही, व्हिनेगर यांतील आम्ल हा थर विरघळवते. मीठ त्याला मदत करते. मग थोडे ॲल्युमिनियम पदार्थात उतरते. तापमान आणि वेळ वाढेल तसे प्रमाण वाढते. मराठवाड्यातल्या भरल्या वांग्यांत चिंच-गूळ असतो, चिकनला दही-लिंबू असते, त्यामुळे हा मुद्दा आपल्या स्वयंपाकात रोजचा आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ॲल्युमिनियमची सहन होणारी मर्यादा ठरवली: आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम. ५० किलो वजनाच्या माणसासाठी हे आठवड्याला १०० मिलिग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत चटणी-सांबारासारखे आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नयेत असे सांगितले आहे. भांड्यावर वरून लावलेली, पदार्थाला न टेकणारी फॉइल ही काळजीची गोष्ट नाही. आंबट मसाल्यात गुंडाळून तास-दीड तास भाजणे किंवा रात्रभर तसेच ठेवणे मात्र टाळावे.

आणखी एक गोष्ट स्टीलच्या भांड्यांबाबत. स्टीलच्या ट्रेवर फॉइल लावली आणि आंबट-खारट रस दोन्हींना एकाच वेळी लागला, तर तिथे एक छोटा विद्युतघट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजते. उरलेला पदार्थ रात्रभर तसाच झाकून ठेवल्यावर सकाळी फॉइलला बारीक भोके आणि खाली करडे ठिपके दिसतात, ते यामुळे.

उपाय सोपे आहेत. पदार्थ आणि फॉइल यांच्यामध्ये ओव्हनसाठीचा बेकिंग पेपर ठेवावा. तो किती तापमान सोसतो हे पाकिटावर पाहून घ्यावे. किंवा फॉइलऐवजी काठावर नीट बसणारे स्टीलचे ताट उपडे घालावे. ओव्हनमध्ये ते उत्तम चालते, पुन्हा पुन्हा वापरता येते आणि कचरा होत नाही. फॉइल वापरलीच, तर स्वच्छ असेल तोवर पुन्हा वापरावी आणि शेवटी धुऊन भंगारात द्यावी. भंगारातून ॲल्युमिनियम पुन्हा बनवायला खनिजापासून नवे बनवण्याच्या तुलनेत सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

सांभाळायच्या गोष्टी

मायक्रोवेव्ह ओव्हन लहरींवर चालवताना फॉइल वापरू नये. धातू त्या लहरी परतवतो आणि चुरगळलेल्या कडांवर ठिणग्या उडतात. त्याच यंत्रात कन्व्हेक्शन, म्हणजे ओव्हनसारखी गरम हवा वापरताना फॉइल चालते. तरी यंत्राची माहितीपुस्तिका पाहावी.

ओटीजीमध्ये फॉइल कॉइलला लागता कामा नये. तळाच्या कॉइलवर किंवा ओव्हनच्या बुडावर फॉइल अंथरू नये. उष्णता तिथेच कोंडते आणि यंत्र बिघडू शकते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्यामुळे घरच्या ओव्हनच्या हवेत ते वितळत नाही, पण लाल कॉइलला टेकलेली पातळ पत्री फाटून चिकटू शकते.

फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेला बटाटा तसाच बाहेर ठेवू नये. आत ओल असते आणि हवा नसते. अशा जागी कोमट तापमानात बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात. १९९४ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे एका उपाहारगृहात फॉइलमध्ये भाजून बाहेर ठेवलेल्या बटाट्यांपासून केलेल्या पदार्थामुळे ३० जण आजारी पडले होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा धोका हलका मानू नये. भाजून झाल्यावर फॉइल उघडावी आणि बटाटा गरमच खावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा.

स्वतः करून पाहा

हे सगळे घरी पडताळून पाहता येते. एकाच भाजीचे सारखे तुकडे, सारखे तेल-मीठ लावून दोन सारख्या भांड्यांत घ्या. दोन्ही भांडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवा. एकावर फॉइल घट्ट लावा, दुसरे उघडे ठेवा, आणि १८० अंशांवर अर्धा तास शेजारीशेजारी भाजा. बाहेर काढून पुन्हा तोला. वजनात जी घट दिसेल ती जवळजवळ सगळी उडून गेलेल्या पाण्याची असेल. मग दोन्हींतला एकेक तुकडा सुरीने टोचा आणि चाखा. झाकलेला मऊ असेल पण फिका. उघडा रंगाने चांगला असेल, पण आतून बहुधा अजून थोडा कडक. आता झाकलेल्या भांड्यावरची फॉइल काढून दहा मिनिटे पुन्हा आत ठेवा. तो मऊपणा आणि हा रंग एकाच भांड्यात आलेले दिसतील, आणि पुढच्या वेळी फॉइल केव्हा काढायची हे कृतीत शोधावे लागणार नाही.